‘सायलेन्सर फुटला’ म्हणजे नेमके काय फुटले? : कारच्या धुराच्या मार्गातील बिघाड ओळखणे आणि दुरुस्त करणे

खानदेशात कारच्या पोटाखालून जरा वेगळा आवाज येऊ लागला की मालकापासून शेजाऱ्यापर्यंत सगळे एकच निदान करतात: ‘सायलेन्सर फुटला.’ हे दोन शब्द घेऊन मालक गॅरेजमध्ये जातो, तिथला माणूसही तेच दोन शब्द ऐकून नवा डबा मागवतो, आणि पुष्कळदा नवा डबा बसल्यावरही आवाज तसाच राहतो. ‘सायलेन्सर’ हे नाव आपण इंजिनापासून शेपटीपर्यंतच्या पूर्ण नळीला देतो. त्या नळीत किमान सहा-सात वेगळे भाग असतात आणि प्रत्येकाचे दुखणे वेगळे असते. नेमका कोणता भाग गेला आहे हे पैसे देण्याआधी कसे ओळखावे, त्यातले घरी काय करता येते आणि काय वेल्डिंगवाल्याकडेच न्यावे, हे पुढे क्रमाने सांगतो.

मला हे शहाणपण पैसे मोजून आले आहे. काही वर्षांपूर्वी चाळीसगावहून कन्नड घाट चढत असताना माझ्या जुन्या पेट्रोल गाडीखालून खडखड सुरू झाली. परतल्यावर एका गॅरेजमध्ये गाडी दाखवली. तिथे गाडी उचलूनही न पाहता मागचा पूर्ण डबा बदलण्यात आला. चौथ्या दिवशी खडखड पुन्हा तीच. शेवटी अमळनेरला एका वयस्कर मिस्त्रींनी गाडीखाली आडवे होऊन हाताने नळी हलवून पाहिली आणि म्हणाले, ‘‘डबा चांगला शे, दादा. रबर तुटेल शे.’’ नळी ज्या रबरी कड्यावर लोंबते ते कडे तुटले होते आणि चढावर इंजिन जोर लावी तेव्हा नळी मागच्या अॅक्सलवर आपटत होती. शंभर-दीडशे रुपयांच्या रबरात काम झाले. काढून टाकलेला जुना डबा तोवर भंगारात गेला होता.

पुढून मागे : कोणत्या भागाला काय म्हणतात

इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमधून निघणारा धूर प्रथम मॅनिफोल्डमध्ये एकत्र येतो. मॅनिफोल्ड आणि इंजिन यांच्यामध्ये पातळ पॅकिंग असते. त्यापुढे, बहुतेक गाड्यांत अगदी इंजिनाजवळच, धुरातले विषारी वायू निरुपद्रवी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. त्याच्या आधी एक आणि नंतर एक असे धुरातला ऑक्सिजन मोजणारे दोन ऑक्सिजन सेन्सर नळीत बसवलेले असतात. नंतर इंजिनाचे हेलकावे नळीपर्यंत पोहोचू नयेत म्हणून जाळीदार लवचीक तुकडा असतो, त्याला गॅरेजमध्ये फ्लेक्झिबल किंवा बेलो म्हणतात; काही गाड्यांत त्याऐवजी स्प्रिंगच्या बोल्टांवर बसवलेला गोल कड्यासारखा पॅकिंगचा सांधा असतो. त्यामागे लांब नळी, काही गाड्यांत मधला लहान डबा, मागचा मोठा डबा आणि शेवटी शेपटी. ही सगळी लांबण गाडीच्या तळाला रबरी कड्यांनी टांगलेली असते आणि उष्णतेपासून तळ वाचावा म्हणून जागोजागी पातळ पत्र्याची झाकणे असतात. खऱ्या अर्थाने सायलेन्सर म्हणावा असा भाग म्हणजे तो मागचा डबा आणि असलाच तर मधला.

डब्याचे काम समजले तर बिघाड ओळखणे सोपे जाते. चार सिलिंडरचे इंजिन प्रत्येक फेऱ्यात दोनदा धूर बाहेर टाकते. म्हणजे ३००० आरपीएमवर (मिनिटाला ३००० फेऱ्यांवर) सेकंदाला १०० वेळा दाबाचे तडाखे नळीतून धावत असतात. डब्याच्या आत भोके पाडलेल्या नळ्या आणि आडव्या पडद्यांनी केलेले कप्पे असतात. त्या कप्प्यांत लाटा एकमेकींवर आदळून विरतात, काही डब्यांत भोवताली भरलेली काचेची लोकरही त्या शोषून घेते. त्यामुळे डब्याच्या आधी कुठेही भोक पडले तर तडाखे न विरता तिथूनच बाहेर फुटतात आणि गाडी ट्रॅक्टरसारखी बोलू लागते. आतला पडदा सुटला तर बाहेरून डबा धड दिसतो, पण आतून खुळखुळतो.

डबा सडतो तो आतून

एक लिटर पेट्रोल जळले की वाफेच्या रूपात साधारण एक लिटर पाणी तयार होते. लांबच्या प्रवासात नळी इतकी तापते की ही वाफ सरळ बाहेर निघून जाते. पण घरापासून बाजारापर्यंत, बाजारापासून शाळेपर्यंत अशी दोन-दोन किलोमीटरची फेरी असेल तर मागचा डबा पुरेसा तापत नाही, वाफेचे आतच पाणी होते आणि ते धुरातल्या आम्लांसह तळाशी साचते. म्हणूनच रोज जळगाव-धुळे करणाऱ्या गाडीचा डबा अधिक वर्षे टिकतो आणि गल्लीतच फिरणाऱ्या, कमी किलोमीटर झालेल्या गाडीचा आधी सडतो. जुनी गाडी घेताना ‘फक्त गावातच चालवली आहे’ हे वाक्य ऐकून खूश होणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे.

याच कारणाने पुष्कळ डब्यांच्या तळाला कारखान्यातूनच टाचणीच्या डोक्याहून जरासे मोठे, दोन-तीन मिलिमीटरचे भोक ठेवलेले असते. पाणी निथळावे म्हणून ते असते. त्याच्या कडा गोल आणि स्वच्छ असतात, गंजून पडलेल्या भोकाच्या कडा खरबरीत आणि पापुद्रे सुटलेल्या असतात. हे नीट पाहावे, कारण ते निथळण्याचे भोकच ‘फुटले’ समजून वेल्डिंगने बुजवून घेणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांचा डबा पुढच्या पावसाळ्यापर्यंत तळातून पूर्ण जातो. थंडीत सकाळी शेपटीतून पाण्याचे थेंब पडणे आणि पांढरी वाफ निघणे हाही बिघाड नाही. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर चालूच राहिला आणि कूलंट कमी होत असेल, किंवा धूर निळसर असून ऑइल कमी होत असेल, तर दुखणे इंजिनात आहे, सायलेन्सरला हात लावून उपयोग नाही.

आपल्याकडची काळी माती हे दुसरे कारण. पावसाळ्यात शेतरस्त्याने गेलेल्या गाडीच्या पोटाला ही माती थापीसारखी चिकटते, डबा आणि झाकणाचा पत्रा यांच्या फटीत भरते आणि आठवडाभर ओल धरून ठेवते. चाकांचे गाळे धुणारे पुष्कळ असतात, नळीवरची माती पाण्याच्या धारेने काढणारे थोडे. मात्र ही धुलाई गाडी पूर्ण थंड झाल्यावरच करावी. तापलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर एकदम गार पाणी मारल्यास आतल्या चिनी मातीच्या जाळीला तडा जाऊ शकतो. गावात शिरतानाचे उंच गतिरोधक आणि फरशी पुलाच्या तुटलेल्या कडा यांचे फटके निराळेच.

ऐकून ओळखणे

गाडीखाली जाण्याआधी दोन आवाज ऐकावेत: रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचा सकाळचा पहिला, आणि दहा किलोमीटर चालल्यानंतरचा. दोघांतला फरक बरेच काही सांगून जातो.

थंड इंजिनावर पुढून बारीक, भराभर टिकटिक येत असेल, अॅक्सिलरेटर दाबला की वाढत असेल आणि गाडी तापल्यावर कमी होत किंवा पूर्ण थांबत असेल, तर मॅनिफोल्डचे पॅकिंग गेले आहे किंवा मॅनिफोल्डला तडा आहे असा संशय घ्यावा. लोखंड तापून फुगते आणि फट आपोआप मिटते, म्हणून आवाज थांबतो. पुष्कळ जण ही टिकटिक व्हॉल्व्हची समजून टॅपेट सेट करायला धावतात. टॅपेटचा आवाज वरच्या झाकणाखालून येतो आणि तो कोरडा असतो. पॅकिंगच्या आवाजात फुसकारा मिसळलेला असतो.

गाडीच्या मधोमध, पायाखालून जाड भडभड येत असेल आणि चढावर किंवा भरल्या गाडीत ती वाढत असेल, तर फ्लेक्झिबल फाटला आहे किंवा मधला सांधा सुटला आहे. मागून भडभड असेल तर डबा किंवा त्याच्या तोंडाशी असलेला वेल्डिंगचा सांधा. फक्त ठरावीक आरपीएमवर, समजा १८०० च्या आसपास, पत्र्याची झणझण येऊन पुढे विरत असेल तर जवळपास खात्रीने झाकणाचा पत्रा सैल झाला आहे. खड्ड्यात ठोका, वळणावर ठोका, गिअर टाकताना ठोका असेल तर रबर पाहावे. आणि आवाज मुळीच नसताना गाडीला दम लागत असेल, पिकअप गेला असेल, अॅव्हरेज घसरला असेल, तर भोक नाही, उलट नळी कुठेतरी तुंबली आहे; त्याकडे पुढे येतो.

पाहण्याआधीची तयारी

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्या दिवसांत हे काम पहाटे करावे, कारण एक तर नळी रात्रभर गार झालेली असते आणि दुसरे म्हणजे दुपारी फरशीवर पाठ टेकवत नाही. नुकत्याच चाललेल्या गाडीच्या नळीला हात लागला तर कातडी चिकटते. किमान दोन-तीन तास थांबावे.

गाडी सपाट, टणक जागी उभी करावी. शेणाने सारवलेले अंगण किंवा काळी माती चालणार नाही. हँडब्रेक ओढावा, गाडी गिअरमध्ये ठेवावी, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत आणि जॅकने उचलून लोखंडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर) टेकवावी. गाडीबरोबर आलेला जॅक फक्त चाक बदलण्यासाठी असतो. नुसत्या त्या जॅकवर किंवा विटांच्या थरांवर पेललेल्या गाडीखाली कोणीही, क्षणभरासाठीही, जाऊ नये. वीट भाराखाली पूर्वसूचना न देता फुटते. घोड्या नसतील तर ओळखीच्या गॅरेजच्या खड्ड्यावर किंवा रॅम्पवर गाडी नेऊन स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी, त्यात कमीपणा नाही. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण नळी हलवताच गंजाचे पापुद्रे थेट डोळ्यांत पडतात.

गळती शोधणे

इंजिन बंद असताना टॉर्च घेऊन पुढून मागे जावे. जिथे धूर गळतो तिथे काजळीचा डाग उमटतो, जणू चुलीच्या तोंडाशी भिंत काळवंडावी तसा. पेट्रोल गाडीत तो करडा-काळा, डिझेलमध्ये दाट काळा. प्रत्येक सांधा, प्रत्येक वेल्डिंगची रेघ, डब्याची शिवण आणि टोकाच्या चकत्या पाहाव्यात. डब्याची वरची बाजू दिसत नाही, तिथे बोटे फिरवावीत. मग जुन्या स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने गंजलेल्या जागी हलकेच टोचावे. वरवरचा लाल गंज सगळ्याच नळ्यांना असतो, त्याला घाबरू नये. पण टोक आत रुतले किंवा पत्रा पापडासारखा दबला तर तो भाग गेला. डब्यावर मुठीने थाप मारली असता टणक, घुमणारा आवाज यावा. आत खडे हलल्यासारखा आवाज आला तर पडदा सुटला आहे. हीच थाप कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर मारून खुळखुळाट आला तर आतली जाळी तुटली आहे.

रबरी कडी एकेक करून ताणून पाहावीत. वरून धड दिसणारे रबर ताणल्यावर आतून चिरलेले निघते. आमच्याकडच्या उन्हात आणि नळीच्या धगीत ती वाळून कडक होतात, आणि एक तुटले की त्याचा भार शेजारच्यांवर पडून वर्षभरात तीही जातात; म्हणून एक बदलायचे असेल तर सगळी बदलणे शहाणपणाचे.

यानंतर गिअर न्यूट्रलला आणून, थंड इंजिन सुरू करून सोबत्याला शेपटीवर जाड, ओले फडके हातमोजा घालून काही सेकंद दाबून धरायला सांगावे. शेपटीचे तोंड पूर्ण बंद करायचे नाही आणि इंजिन बंद पडेपर्यंत दाबायचे नाही. थोडा दाब वाढला की पुरे. जिथे फट असेल तिथून स्पष्ट फुसकारा ऐकू येतो. हे काम उघड्यावरच करावे, शटर ओढलेल्या गाळ्यात कदापि नाही. बारीक फट सापडत नसेल तर इंजिन बंद ठेवून शेपटीत साध्या ब्लोअरने हवा भरावी आणि सांध्यांवर भांडी घासण्याच्या साबणाचे पाणी शिंपडावे. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे पाहतो तसे फटीवर बुडबुडे उठतात. मला ही पद्धत सर्वांत खात्रीची वाटते: इंजिन बंद, हात गार, आणि फट बोट ठेवून दाखवता येते.

आवाजापेक्षा मोठा धोका

गाडीचा आवाज थोडा वाढला तर चालवून घेण्याकडे आपला कल असतो. पण पुढच्या भागातली गळती ही विषाची गळती आहे. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रंगहीन आणि वासहीन असतो आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोके दुखणे, मळमळ, गुंगी ही त्याची लक्षणे उन्हाच्या त्रासासारखीच असल्याने फसवतात. लग्नसराईत मंगल कार्यालयाबाहेर एसी चालू ठेवून काचा बंद करून गाडीत झोपणारे ड्रायव्हर आपण दर उन्हाळ्यात पाहतो. उभ्या गाडीखाली साचलेला धूर तळाच्या भोकांतून, दाराच्या फाटक्या रबरांतून आत येतो आणि झोपलेल्या माणसाला कळतही नाही. गळकी नळी असेल तर हे कधीही करू नये. खरे तर धड नळी असतानाही करू नये. गाडीत बसल्यावर डोके जड होत असेल आणि बाहेर आल्यावर बरे वाटत असेल, तर त्याच दिवशी गाडी दाखवावी, तोवर काचा उघड्या ठेवाव्यात.

खर्चाचेही एक कारण आहे. पहिल्या ऑक्सिजन सेन्सरच्या आधी फट असेल तर धुराच्या तडाख्यांमधल्या क्षणिक पोकळीत बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटते की मिश्रणात पेट्रोल कमी आहे, आणि इंजिनाचा संगणक विनाकारण जास्त पेट्रोल सोडतो. चेक इंजिनचा दिवा लागतो, अॅव्हरेज पडतो, आणि बिचारा सेन्सर बदलला जातो.

दुरुस्ती : सोप्यापासून अवघडाकडे

रबरी कडी बदलणे हे घरचे काम आहे. नळीखाली लाकडाचा ठोकळा देऊन भार उचलावा, आकड्यावर साबणाचे पाणी लावावे आणि जुने रबर पक्कडीने ओढून काढावे. ऑइल किंवा ग्रीस लावू नये, त्याने रबर फुगते. नवे कडे त्याच गाडीसाठीचे, त्याच लांबीचे घ्यावे. तात्पुरते म्हणून तारेने बांधलेली नळी तात्पुरती राहत नाही, हा सार्वत्रिक अनुभव आहे. शिवाय तारेतून सारा कंप थेट गाडीच्या तळात उतरतो.

सैल झाकणाचा पत्रा पुन्हा बोल्टखाली घेता येत नसेल, म्हणजे त्याचे भोक गंजून मोठे झाले असेल, तर मोठा वॉशर घालून कसावा किंवा नळीभोवती स्टीलची लांब क्लिप घालून आवळावा. पत्रा उपटून फेकून देऊ नये. तो पत्रा तळातल्या वायरी, डिझेल-पेट्रोलच्या नळ्या आणि खाली असेल ते वाळलेले गवत यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या शेकडो अंशांच्या धगीपासून राखत असतो.

सांध्यातले पॅकिंग बदलताना खरी लढाई गंजलेल्या बोल्टांशी असते. आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे, सकाळी तारेच्या ब्रशने आटे साफ करून पुन्हा मारावे आणि रिंग पाना किंवा सॉकेटच वापरावे. उघडा पाना नटाच्या कडा गोल करून ठेवतो. नट अडला तर जोर लावत राहण्यापेक्षा थोडे सोडवा, थोडे आवळा, पुन्हा सोडवा असे मागे-पुढे करावे. सांध्याच्या दोन्ही चकत्या (फ्लँज) जुन्या पॅकिंगच्या कणांपासून मोकळ्या करून नवे पॅकिंग कोरडे बसवावे. त्यावर साधे सिलिकॉन थापू नये: ते धगीत टिकत नाही, आणि त्याची वाफ ऑक्सिजन सेन्सरला निकामी करू शकते. स्प्रिंगचे बोल्ट असतील तर स्प्रिंगसह नवेच घ्यावेत. मॅनिफोल्डचे पॅकिंग मात्र अनुभवी मिस्त्रींवर सोपवावे. तिथले स्टड वर्षानुवर्षे तापून-गार होऊन ठिसूळ झालेले असतात, एक जरी इंजिनाच्या हेडमध्ये तुटला तरी ड्रिल करून काढण्याचा खर्च पॅकिंगच्या कितीतरी पट होतो.

मागच्या डब्याला किंवा सरळ नळीला पडलेले बोटाच्या नखाएवढे भोक सायलेन्सरसाठी मिळणारी उष्णतारोधक पेस्ट किंवा पट्टी लावून काही महिने थोपवता येते. अट एकच: जागा चकाकणाऱ्या धातूपर्यंत घासली पाहिजे आणि भोकाच्या भोवतालचा पत्रा टणक पाहिजे. पाकिटावरच्या सूचनेप्रमाणे वाळू द्यावे आणि इंजिन मंद चालवून कडक होऊ द्यावे. घरातले पाण्याचे पाइप बुजवायचे इपॉक्सी इथे चालत नाही, पहिल्याच फेरीत ते जळून गळते. फ्लेक्झिबलवर पेस्ट लावणे व्यर्थ आहे, कारण तो सतत वाकतो. तो कापून नवा तुकडा वेल्डिंगने जोडावा लागतो.

वेल्डिंगला गाडी नेताना चार गोष्टी मालकाने स्वतः पाहाव्यात. बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढलेली असावी आणि सेन्सरचे सॉकेट सोडवलेले असावे, नाहीतर इंजिनाचा संगणक जाण्याची भीती असते. वेल्डिंगची अर्थ क्लिप जोडाच्या अगदी जवळ लावावी, इंजिनावर किंवा बॉडीवर कुठेतरी नव्हे. इंधनाची टाकी, इंधनाच्या नळ्या आणि सीएनजी असल्यास तिची पाइपलाइन जवळ असेल तर नळी खाली उतरवूनच वेल्डिंग करावे. पाच मिनिटे वाचवण्यासाठी गाडीवरच ठिणग्या उडवू देऊ नयेत. आणि ठिगळाचा पत्रा घराच्या छपराचा जस्त चढवलेला नसावा. जस्त जळून निघणारा पांढरा धूर श्वासात गेला की वेल्डिंगवाल्याला रात्री थंडी-ताप भरतो. पातळ नळीवर मिग (तारेच्या रिळाचे) वेल्डिंग चांगले बसते, साध्या रॉडने ती जळून भोक मोठे होते. ज्या पत्र्यावर स्क्रूड्रायव्हर रुतला त्याच्यावर ठिगळ मारणे म्हणजे कुजक्या कापडाला रफू करणे आहे. तिथे डबा बदलावा.

नवा डबा घेताना गाडीचे मॉडेल, वर्ष आणि इंजिन सांगून घ्यावा, आणि नळीचा व्यास जुन्याशी पडताळून पाहावा. बाजारातला स्वस्त डबा हातात घेऊन मूळ डब्याशी वजनाची तुलना केली की पत्र्याच्या जाडीतला फरक तिथेच कळतो. बसवताना आधी सगळे सांधे आणि रबरे सैलच लावावीत, नळी कुठेही अॅक्सल, टाकी किंवा ब्रेकच्या नळीला टेकत नाही, सगळीकडे किमान बोटभर जागा आहे हे पाहावे, आणि मगच पुढून मागे या क्रमाने कसत जावे. आधी मागचा सांधा कसला तर नळीत पीळ राहतो आणि तोच पीळ पुढे रबर तोडतो.

नळी तुंबली असेल तर

दम लागलेल्या गाडीत बहुधा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तुंबलेला असतो, आणि तो क्वचितच आपणहून जातो. प्लग किंवा कॉइल खराब होऊन गाडी ‘मिसिंग’ मारत असताना (एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नसताना) तशीच महिनोन्महिने चालवली, की न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि आतली जाळी वितळून गोळा होते. मिस्त्री पहिल्या ऑक्सिजन सेन्सरच्या जागी दाबमापक लावून हे तपासू शकतो. २५०० आरपीएमवर दाब साधारण ३ पीएसआयच्या वर जात असेल तर अडथळा आहे असे समजतात. कन्व्हर्टर बदलण्याआधी मिसिंगचे मूळ काढावे, नाहीतर नवाही त्याच वाटेने जातो.

इथे एक सल्ला हमखास मिळतो: ‘आतला माल काढून टाका, गाडी पळेल.’ हे ऐकू नये. प्लॅटिनम, पॅलेडियम आणि रोडियम यांचा तो थर कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजनचे ऑक्साइड निरुपद्रवी करतो. तो काढला की दुसरा सेन्सर ते ओळखतो, दिवा कायमचा लागतो आणि पीयूसीत गाडी नापास होते. तो माल ‘फुकटात काढून देणारा’ माणूस का उदार आहे हेही त्या तीन धातूंच्या भावावरून कळते. याच धातूंपायी राज्यात मारुती ईकोसारख्या उंच बसणाऱ्या गाड्यांचे सायलेन्सर रातोरात कापून नेल्याच्या बातम्या येत राहिल्या आहेत. रात्री रस्त्यावर उभी केलेली गाडी सकाळी सुरू करताच एकदम भयंकर गरजली, तर आधी वाकून नळी जागेवर आहे का ते पाहावे. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा वेगळा फिल्टरही असतो; त्याचा दिवा लागला तर गाडीच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे हायवेवर सलग, वेगात चालवून तो जळून साफ होऊ द्यावा.

पीयूसी आणि कायदा

बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांचे पीयूसी एक वर्ष चालते, त्याआधीच्या गाड्यांचे सहा महिने. या नव्या पेट्रोल गाड्यांची तपासणी २५०० आरपीएमच्या आसपासही होते आणि हवा-इंधनाचे प्रमाण दाखवणारा लॅम्डा नावाचा आकडा ०.९७ ते १.०३ यांच्या दरम्यान यावा लागतो. नळीला भोक असेल तर बाहेरची हवा धुरात मिसळून हा आकडा वर जातो, म्हणून इंजिन निरोगी असूनही गाडी नापास होऊ शकते. तेव्हा आधी गळती बुजवावी, मग पीयूसीला जावे. आवाजाची हौस असणाऱ्या तरुणांसाठी एवढेच: मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० नुसार ध्वनी आणि हवेच्या प्रदूषणाची मानके मोडल्यास पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तीन महिने लायसन्स अपात्र, अशी तरतूद आहे.

काम झाल्यावर

इंजिन उघड्यावर सुरू करून दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवावे. नव्या नळीवरचे तेल, पेस्ट आणि हाताचे डाग जळून थोडा धूर आणि उग्र वास येतो, तो विरला पाहिजे. ओल्या फडक्याची चाचणी पुन्हा करावी. मग ओळखीच्या रस्त्यावर, ज्या चढावर किंवा ज्या गतिरोधकावर पूर्वी आवाज येत होता तिथूनच, गाडी नेऊन यावी. काच एकदा उघडी आणि एकदा बंद ठेवून ऐकावे. या पहिल्या फेरीनंतर गाडी वाळलेल्या गवतावर, कडब्यावर किंवा शेताच्या बांधाशी पडलेल्या कापसाच्या पऱ्हाटीवर उभी करू नये, तापलेल्या कन्व्हर्टरखाली ती पेट घेऊ शकते. दुसऱ्या दिवशी सकाळी, नळी पूर्ण गार असताना, सगळे बोल्ट एकदा पान्याने तपासावेत. नवे पॅकिंग पहिल्या तापण्या-गार होण्यात दबते आणि बोल्ट हमखास पाव-अर्धा आटा सैल निघतो.